टिंग्याचा प्रश्न

वैद्यकीय व्यावसायिकांच्या स्मरणिकेत चित्रपटांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सन्माननीय सहकाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश आणि हिवताप या विषयांवर आपल्यात लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि ते माझ्याहून अधिक अधिकारवाणीने लिहितात. मी निवडलेला विषय वरकरणी करमणुकीचा आहे. लहान मुले आणि जनावरे यांच्या मैत्रीचे चित्रपट, जे आपण कुटुंबासह पाहतो, डोळे पुसतो आणि विसरून जातो. परंतु बाजारहत्नूरसारख्या ठिकाणी, जेथे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बहुतेक मुलांच्या घरी एखादा बैल, म्हैस, शेळी किंवा निदान एक कुत्रे तरी असते, तेथे हा विषय करमणुकीपाशी थांबत नाही. तो आपल्या तपासणीच्या टेबलापर्यंत येतो. तो कसा येतो, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

या विषयावर बोलायचे तर आरंभ मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’पासूनच करावा लागेल. २००८ साली प्रदर्शित झालेला हा त्यांचा पहिलाच चित्रपट. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरातला डोंगराळ मुलूख, बटाट्याची शेती करणारा कारभारी नावाचा गरीब शेतकरी, त्याची पत्नी अंजना, आणि त्यांचा मुलगा टिंग्या. घरच्या बैलाचे नाव चितंग्या. टिंग्या या बैलाला जनावर मानतच नाही; तो त्याच्या भावंडांपैकीच एक आहे. बिबट्यासाठी केलेल्या खड्ड्यात चितंग्या पडतो, त्याचा पाय जायबंदी होतो, आणि तो औताला निकामी ठरतो. डोक्यावर कर्ज, शेत नांगरायचे राहिलेले, आणि नवा बैल घ्यायला पैसा नाही. कारभाऱ्यापुढे एकच वाट उरते, ती म्हणजे चितंग्याला खाटकाला विकणे. टिंग्याला हे मान्य नाही. पुढचा सारा चित्रपट म्हणजे एका लहानग्याने आपल्या परीने मांडलेली लढाई आहे.

टिंग्याची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकर या मुलाला पंचावन्नाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. सुनील देव आणि माधवी जुवेकर यांनी आईवडिलांची कामे अशी केली आहेत की आपण कोणा नटांना पाहतो आहोत याचा विसर पडावा. चित्रपटात कोणी दुष्ट नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाप निर्दय नाही, गिऱ्हाईक राक्षस नाही, सावकारही केवळ खलनायक म्हणून उभा केलेला नाही. दारिद्र्य आहे आणि ऋतू आहे. ऋतू कोणासाठी थांबत नाही.

मात्र डॉक्टर म्हणून मला या चित्रपटाने खिळवून ठेवले ते दुसऱ्याच धाग्यामुळे. टिंग्याची मैत्रीण रशिदा शेजारच्या घरातली. तिची आजी आजारी पडते. साऱ्यांची धावपळ सुरू होते, औषधपाणी होते, शेजारीपाजारी येऊन बसतात. टिंग्या हे सारे पाहतो आणि त्याच्या बालबुद्धीला एक सरळ प्रश्न पडतो. आजी म्हातारी आहे, तिच्याने काम होत नाही, तरी तिच्यावर उपचार होतात. मग चितंग्यावर का नाहीत? त्याला विकायचे का? हा प्रश्न तो कोणाला खिजवण्यासाठी विचारीत नाही. त्याला खरोखरच उत्तर हवे असते. आणि चित्रपटातल्या मोठ्या माणसांपाशी, तद्वतच खुर्चीत बसलेल्या आपल्यापाशीही, ते तयार नसते.

आपण या प्रश्नाला ‘बालिश’ म्हणून बाजूला सारू शकतो काय? मला तसे वाटत नाही. रोगाचे भवितव्य काय, खर्च किती, घरातल्या इतरांच्या पोटाचे काय, हा हिशेब आपल्यासमोर रोज मांडला जातो. फक्त तो मोठ्याने बोलला जात नाही. मोडलेल्या खुब्याच्या वृद्धेला शहरात नेऊन शस्त्रक्रिया करावी की घरीच पडून राहू द्यावे, हे ठरवताना बाहेरच्या बाकावर मुलगे आणि जावई हलक्या आवाजात काय बोलतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकले आहे. ते बोलणे हंगामाच्या दिवसांत वेगळे असते आणि कापूस विकून झाल्यावर वेगळे असते. टिंग्या तोच हिशेब उलट्या बाजूने मांडतो. माणसाला आपण कामावरून मोजत नाही, मग ज्या जिवाने माणसाइतकेच काम केले त्याला का मोजता, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आता हे सारे जुन्नरचे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आपली जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचे, आणि पोळा हा आपल्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण. खांदेमळणीच्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळणारे हात बहुधा पोरांचेच असतात. झूल, बाशिंग आणि गोंडे यांवरून भावंडांची भांडणे होतात तीही आपण पाहिली आहेत. मराठी, गोंडी, कोलामी, लंबाडी आणि तेलुगू अशा नाना भाषा बोलणारी घरे येथे एकाच बाजाराला येतात. आपल्या गावाच्या नावातच तो बाजार आहे. शिंगांना कोणी कोणता रंग लावला, यावरून घर ओळखता येते, पण पोळ्याच्या दिवशी बैलापुढे सारेच वाकतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, २०१४ साली राज्य पुन्हा बदलले, २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले. शाळेची भाषा आणि सातबाऱ्याचे नाव बदलले, बैलाला हाकण्याचे शब्द मात्र तेच राहिले.

बिबट्याचेही तसेच. जुन्नर भागात उसाच्या फडांत बिबटे राहू लागले, त्यांना पकडून दूर नेऊन सोडण्याचे प्रयोग झाले, त्यातून हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेच, असे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र झाले. आपल्याकडे ऊस नाही, पण जंगल आहे. २०१२ साली कवाल व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून वाघांची ये-जा पैनगंगा ओलांडून होतच असते. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किनवटच्या बाजूने आलेला एक नर वाघ जोडीदारिणीच्या शोधात निर्मळ आणि आदिलाबाद जिल्ह्यांच्या रानांतून शेकडो किलोमीटर भटकला. वृत्तपत्रांनी त्याला ‘जॉनी’ हे नाव दिलेले आपणांस स्मरत असेल. त्याने गुरे मारल्याच्या बातम्या येत होत्या. त्या दिवसांत आपल्या मंडलातील मुले गुरे घेऊन रानाकडे जाण्यास भीत होती, आणि तरीही संध्याकाळी एखादे वासरू मागे राहिले तर त्याला आणायला कोण जाणार, यावर घरोघर वाद होत होते. मुले आणि जनावरे यांचे साहस पडद्यावर पाहणे वेगळे. येथे ते साहस अंधार पडण्यापूर्वी उरकावे लागते.

एक विषयांतर करतो, कारण ते या चित्रपटाच्या गाभ्याला भिडते. ‘टिंग्या’ आला तेव्हा महाराष्ट्रात निकामी बैल विकणे कायद्याने शक्य होते. विधिमंडळाने १९९५ साली मंजूर केलेल्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तेथे गायींबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. आपल्याकडे मात्र १९७७ चा कायदा आहे. त्यानुसार गाय व वासरू यांना संरक्षण आहे, आणि बैल शेतीस वा प्रजननास निरुपयोगी झाल्याचे प्रमाणपत्र असल्यास त्याची कत्तल करता येते. म्हणजे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे टिंग्याच्या बापापुढचा पेच निरनिराळा आहे. पलीकडे आज चितंग्या वाचला असता, असे म्हणावे तर म्हाताऱ्या बैलाला किंमत उरली नाही, त्याला पोसायचे कसे, ही शेतकऱ्यांची तक्रार कानी येते. अलीकडे तो वाचेल की नाही हे एका कागदावर ठरेल. कायद्याच्या इष्टानिष्टतेत मी शिरत नाही; तो या स्मरणिकेचा विषय नव्हे. परंतु लहान मुलाच्या प्रश्नाला कायद्याने उत्तर देता येत नाही, एवढे यावरून दिसते. असो.

‘टिंग्या’नंतर दहा वर्षांनी, २०१८ मध्ये ‘नाळ’ आला. आपल्या भागातील वाचकांना या चित्रपटाविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. त्याचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हे तेलुगू मातृभाषेचे. ‘सैराट’चे छायाचित्रण त्यांचेच. आपण मराठी माणसे तेलुगू मुलखात राहून दोन्ही भाषांचा संसार करतो. हा गृहस्थ तेलुगू घरातून येऊन वऱ्हाडी वळणाच्या मराठीत इतका अस्सल चित्रपट करतो, याचे मला मोठे कौतुक वाटते. सहासष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि चैत्याचे काम करणाऱ्या श्रीनिवास पोकळे याला बालकलाकाराचा. २०२३ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागालाही सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

नदीकाठच्या गावातल्या आठ वर्षांच्या चैत्याला कळते की, जिला तो आई म्हणतो ती त्याची जन्मदात्री नव्हे. त्याच सुमारास घरची म्हैस विते आणि तिचे रेडकू मरते. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करतात. ती त्याला चाटते. हे दृश्य खेड्यात वाढलेल्या कोणालाही नवीन नाही. मी स्वतः लहानपणी ते कैकदा पाहिले होते आणि त्यात काही विशेष आहे असे मला कधी वाटले नव्हते. चैत्याच्या डोळ्यांनी ते पाहिल्यावर मात्र मन चरकते. खरी आई कोण, खरे लेकरू कोण, हा प्रश्न म्हशीच्या गोठ्यातून त्या मुलाच्या अंगावर येतो. दत्तक मुलांना त्यांचे जन्मरहस्य केव्हा आणि कसे सांगावे, याविषयी आपल्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या पालकांना मी आता आधी ‘नाळ’ पाहा असे सांगतो. पुस्तकी उपदेशापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

संतोष सिवन यांचा ‘हॅलो’ हा हिंदी चित्रपटही येथे आठवतो. आईविना वाढणाऱ्या साशा नावाच्या मुलीचे कुत्र्याचे पिल्लू मुंबईत हरवते आणि ती ते शोधत शहरभर फिरते. बालचित्र समितीने तो काढला होता, आणि १९९५ सालचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. या समितीचा आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव १९९९ पासून अनेक वर्षे दर दोन वर्षांनी हैदराबादेत, बालदिनाच्या सुमारास भरत असे. आदिलाबादच्या मुलांना तो कितीसा पाहायला मिळाला, हे विचारू नये. २०२२ मध्ये ही समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.

आता मी ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो.

१९५७ साली डिस्ने कंपनीने ‘ओल्ड येलर’ नावाचा चित्रपट काढला. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, वडील परगावी गेलेले असताना घर सांभाळणारा एक किशोरवयीन मुलगा आणि त्याच्याकडे आपणहून आलेला एक पिवळसर कुत्रा यांची ही कथा. प्रथम हा कुत्रा मुलाला नकोसा असतो, नंतर तो जिवाचा सोबती होतो. घरच्या माणसांना वाचवताना हा कुत्रा एका पिसाळलेल्या लांडग्याशी झुंजतो. आईला धोका कळतो. कुत्र्याला कोंडून ठेवतात, दिवस जातात, आणि अखेर त्याच्यात पिसाळण्याची लक्षणे दिसू लागतात. मुलाला स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालावी लागते. अमेरिकेतील एक अख्खी पिढी हा शेवट आठवून आजही हळवी होते, असे म्हणतात. जगातल्या कौटुंबिक चित्रपटांत रेबीजचे इतके अचूक चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. चाव्यानंतरचा शांत काळ, घरच्यांची आशा, ‘त्याला काही झालेले नाही’ असे मुलाने पुनःपुन्हा म्हणणे, हे सारे आपल्या दवाखान्यातलेच वाटते.

काही वर्षांपूर्वी आपल्याच परिसरातील एका वस्तीवरून आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीला तिची आई तापासाठी घेऊन आली. ताप साधाच होता. तपासताना तिच्या मनगटाच्या वर बांधलेली एक रिबन दिसली. ती सोडू देईना. बोराचा काटा लागला, एवढेच म्हणाली. रिबन काढली तेव्हा खाली दोन जवळजवळच्या, अर्धवट भरलेल्या खुणा होत्या. बोराच्या काट्याच्या खुणा तशा नसतात. आईला बाहेर पाठवून मी तिला तिच्या पिल्लाविषयी विचारले. पिल्लू आहे हे मला ठाऊक नव्हते, अंदाजाने विचारले. तिचे डोळे भरून आले. पिल्लू दोन दिवसांपासून खात नव्हते, कणगीमागच्या अंधारात जाऊन बसत होते. चावून चार दिवस झाले होते. तिने कोणाला सांगितले नव्हते, कारण सांगितले तर मोठी माणसे काठ्या घेऊन पिल्लाला मारतील हे तिला माहीत होते. मागच्याच वर्षी गल्लीत तसे झालेले तिने पाहिले होते. शिवाय आजीने सांगितलेल्या पोटातल्या चौदा सुया होत्याच.

त्याच दिवशी लस सुरू केली आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. पिल्लू दोन दिवसांनी मेले. मुलगी सुखरूप आहे. आता महाविद्यालयात जाते. पण त्या दिवशी तापाचे निमित्त झाले नसते तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून मी मुलांच्या चाव्याविषयी पालकांना विचारून थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के व्यक्ती १५ वर्षांखालील मुले असतात. याची कारणे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेली आहेत: मुलांची उंची कमी, ती जनावरांच्या तोंडाशी तोंड नेतात, पळतात, डिवचतात. पण मुले चावा लपवतात, आणि ती पुष्कळदा भीतीपेक्षा प्रेमापोटी लपवतात, हे कारण मला कोणत्या पुस्तकात ठळकपणे लिहिलेले आढळले नाही. ज्या मायेचे आपण पडद्यावर कौतुक करतो तीच माया येथे जिवावर बेतते. म्हणून मुलांशी बोलताना पहिले वाक्य ‘कुत्र्यापासून दूर राहा’ हे असू नये. ‘चावले, ओरखडले, जखम चाटली तर सांग, तुझ्या पिल्लाला कोणी मारणार नाही’ हे असावे. आणि मग ते वचन पाळावे लागते. कुत्रे बांधून १० दिवस नजरेखाली ठेवणे, हे वैद्यकीयदृष्ट्याही त्याला मारण्यापेक्षा उपयोगाचे असते. कारण त्यावरून पुढच्या उपचारांचा निर्णय सोपा होतो. अर्थात लस मात्र त्या दहा दिवसांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी सुरू करावयाची, हे येथे वेगळे सांगणे नलगे.

समाजबांधवांसाठी आणखी थोडे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल, हळद यांपैकी काही भरू नये. पोटातली ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात वा कातडीत मोजक्या सुया घ्याव्या लागतात. कातडीतल्या पद्धतीत त्या पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात, पहिला दिवस शून्य धरून. जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. आजीबाईंनी नातवंडांना चौदा सुयांची गोष्ट सांगू नये, ही माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

गुरांच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिसाळलेले कुत्रे चावलेला बैल किंवा म्हैस सुरुवातीला घशात काही अडकल्यासारखी वाटते. लाळ गळते, गिळता येत नाही. मग घरातले कोणीतरी, आणि हात लहान म्हणून पुष्कळदा मूलच, तिच्या तोंडात हात घालून अडकलेले काढू पाहते. त्या हातावर बारीक चीर असली की झाले. अशा जनावराचे दूध प्यालो म्हणून अख्खी आळी दवाखान्यात धावत येते, आणि तापवलेल्या दुधाला भिण्याचे कारण नसते. ज्याने खरोखर तोंडात हात घातला तो मात्र शेतावर असतो. त्याला बोलावून आणावे.

माया आणि आजार यांचा संबंध नेहमीच असा जीवघेणा नसतो. दसऱ्याच्या आधी बैल विकला गेला आणि तेव्हापासून मुलाचे पोट दुखते, अशी तक्रार घेऊन एक वडील माझ्याकडे आले होते. अर्थात त्यांनी ती तशी मांडली नाही. पोटदुखी तेवढी सांगितली. जंताचे औषध झाले होते, तपासण्या झाल्या होत्या, काही निघाले नव्हते. दुखणे रोज सायंकाळी होई. बैलाला पाणी दाखवण्याची वेळ तीच असल्याचे बोलता बोलता कळले. त्या मुलाला औषधाची गरज नव्हती. बैल कोणाकडे गेला, हे त्याला कोणी सांगितले नव्हते; त्याने वाईटात वाईट तेच गृहीत धरले होते. बैल दोन गावे पलीकडच्या एका शेतकऱ्याकडे सुखाने औत ओढत होता. वडिलांनी एका बाजाराच्या दिवशी त्याला तिथवर नेऊन आणले. पोटदुखी कमी होत गेली.

पडद्यावर दिसणाऱ्या जनावरांचे काय होते, हा प्रश्नही मुलेच विचारतात. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील २००१ चे नियम यांमुळे चित्रीकरणासाठी नोंदणी आणि परवानगी लागते. आरंभी येणारी ‘कोणत्याही प्राण्यास इजा झालेली नाही’ ही पाटी त्याचीच. सर्वांत विलक्षण कथा १९९३ च्या ‘फ्री विली’ या अमेरिकन चित्रपटातल्या केइको नामक देवमाशाची. चित्रपटात मुलगा त्याला समुद्रात सोडतो, प्रत्यक्षात तो मात्र टाकीतच होता. ते कळल्यावर जगभरच्या मुलांनी पैसे पाठवले, त्याला आइसलँडला नेले, २००२ मध्ये तो मोकळ्या समुद्रात गेला, आणि पुढच्याच वर्षी नॉर्वेच्या किनाऱ्यावर न्यूमोनियाने वारला, असे निदान झाले. त्याला सोडणे योग्य होते की नव्हते, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मला मुलांनी पाठवलेल्या पैशांचे अधिक वाटते.

गेल्या उन्हाळ्यात, कापूस विकून झाल्यावर, आम्ही काही जणांनी एका वस्तीवर भिंतीला चादर लावून ‘टिंग्या’ दाखवला. जमलेल्यांत मराठी घरांतली मुले होती तशीच गोंड आणि लंबाडी घरांतलीही. जुन्नरकडची बोली कित्येकांना नीट कळत नव्हती. मोठ्या बहिणी धाकट्यांना कानात तेलुगूत सांगत होत्या. शेवट मी येथे सांगत नाही; ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहावा. दिवे लागल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाने मला विचारले, “डॉक्टरसाहेब, बैलाचा पाय खरंच जोडता येत नाही का?”

मी माणसांचा डॉक्टर; पण पशुवैद्य मित्रांकडून ऐकलेले त्याला सांगितले. गुडघ्याच्या खालचे हाड मोडले असेल, कातडी फाटली नसेल, तर प्लास्टर घालून ते पुष्कळदा जुळते. मांडीचे वा खांद्याजवळचे मोडले तर तीन-चारशे किलोच्या जनावरात फार कठीण. शिवाय बैलाला माणसासारखे अंथरुणावर निजवून ठेवता येत नाही. आडवा पडून राहिला की पोट फुगते, अंगाखालचे स्नायू दबून मरतात, जखमा होतात. प्लास्टर किती दिवस, असे त्याने विचारले. सहा ते आठ आठवडे, मी म्हणालो.

त्याने बोटांवर मोजले. “मग मृगाची पेरणी?”

त्याच्या शेजारी बसलेली एक मुलगी म्हणाली, “आमचा एकच बैल हाय. दादाला सांगते. सावड करू.”

त्यावर मागे उभी असलेली मोठी माणसेही बोलू लागली. कोणाकडे जोडी आहे, कोणाकडे एकच बैल आहे, कोणी ट्रॅक्टर सांगितला तर तासाला किती पडतात, याचा हिशेब सुरू झाला. चादर तशीच भिंतीवर होती. ती काढायला आम्हांला बराच उशीर झाला.